ताराबाई मोडक

रायगड जिल्ह्यात, पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात, उमरठ नावाचे एक लहानसे गाव आहे. नरवीर तानाजी मालुसरे ह्यांचे हे गाव. १६७० साली सिंहगड काबीज करताना तानाजींना वीरमरण आले. त्यांची समाधी उमरठला आहे. सिंहगड तेथून कितीतरी कोस दूर. आणि त्या रात्री गडावर काय घडले हे डोळ्यांनी पाहणारी माणसे थोडी. तरीही ती हकीगत महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. कारण तुळशीदास नावाच्या शाहिराने तिचा पोवाडा रचला आणि पुढच्या शाहिरांनी तो गावोगाव गायिला.

रणांगणावरील पराक्रमाला असा शाहीर मिळतो. परंतु शाळेच्या चार भिंतींआड जे पराक्रम घडतात, त्यांचे काय? एखादी शिक्षिका वर्षानुवर्षे मुलांजवळ बसते, त्यांचे निरीक्षण करते, एक रीत फसली तर दुसरी करून पाहते, आणि अखेर मुलांना आनंदाने शिकविण्याचा मार्ग तिला सापडतो. तो मार्ग शेजारच्या शाळेलाही ठाऊक होत नाही. ती शिक्षिका निवृत्त झाली, की तिचे ज्ञानही तिच्याबरोबर जाते. मागून येणाऱ्या शिक्षिकेला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. ह्यात मोठा तोटा होतो तो मुलांचा.

हा तोटा ज्यांनी वेळीच ओळखला आणि शाळेत सापडलेले ज्ञान इतरांपर्यंत पोचविण्यासाठी आपले सारे आयुष्य वेचले, अशा एका थोर शिक्षिका महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्या काळी विधवेने पुन्हा विवाह करणे हे समाजाच्या दृष्टीने मोठे पाप समजले जाई. सदाशिवरावांनी मात्र उमाबाई नावाच्या एका विधवेशी विवाह केला आणि लोकांचा रोष धैर्याने सोसला. अशा घरात ताराबाई वाढल्या. योग्य वाटेल ते करावे, आणि ते करताना लोक हसले तरी डगमगू नये, हा संस्कार त्यांना लहानपणीच मिळाला.

मुलींनी चार बुके वाचली तरी पुष्कळ झाले, असे मानण्याचा तो काळ होता. त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक ह्यांच्याशी झाला. त्यांना प्रभा नावाची एक कन्या झाली. परंतु संसारात सुख लाभले नाही. तेव्हा आपल्या लहानग्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा कठीण निर्णय ताराबाईंनी घेतला. १९२१ साली त्या सौराष्ट्रातील राजकोट येथे गेल्या आणि तेथील बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच भारतीय स्त्री होत.

पद मानाचे होते. वेतनही चांगले होते. पण ताराबाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती. शिक्षिका घडविण्याचे काम त्या करीत होत्या. मात्र अगदी लहान मुलांना कसे वाढवावे, कसे शिकवावे, ह्याचा समाधानकारक उलगडा त्यांना झाला नव्हता. घरी आपली चिमुकली कन्या समोर होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांना अधिकच जाणवत असे. अशा वेळी भावनगर येथे चाललेल्या एका नव्या प्रयोगाची माहिती त्यांच्या कानी आली. तो प्रयोग करणारे गृहस्थ होते गिजुभाई बधेका.

हा प्रयोग भावनगरपर्यंत कसा आला, तेही जाणून घेण्याजोगे आहे. इटली देशात मारिया मॉन्टेसरी नावाच्या एक डॉक्टरीण बाई होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरातील गरिबांच्या एका वस्तीत लहान मुलांसाठी बालगृह उघडले. मुलांना धाक न दाखविता, योग्य साधने त्यांच्या हाती दिली तर ती आपण होऊन शिकतात, असे त्यांना तेथे दिसून आले. बालगृहात जे पाहिले ते त्यांनी आपल्यापुरते ठेवले नाही. १९०९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाची भाषांतरे झाली आणि ती देशोदेशी गेली.

इकडे गिजुभाई हे व्यवसायाने वकील होते. त्यांना मुलगा झाला, आणि त्याला कसे शिकवावे ह्याचा विचार करता करता मॉन्टेसरीबाईंचे विचार त्यांच्या वाचनात आले. ते विचार त्यांना इतके पटले, की वकिली सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. आपल्या बालमंदिरात काय चालते, हे तेही गुजराती भाषेत लिहून लोकांना सांगू लागले. रोममधील वस्तीत लागलेला दिवा अशा रीतीने भावनगरात पोचला आणि तेथून त्याचा प्रकाश राजकोटला ताराबाईंपर्यंत आला. मॉन्टेसरीबाई मुक्या राहिल्या असत्या तर गिजुभाई वकीलच राहते. आणि गिजुभाई मुके राहते तर ताराबाईंना आपला मार्ग सापडता ना.

१९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे मानाचे पद सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या सोबतीला गेल्या. आजवर इतरांना शिकविणाऱ्या ताराबाई आता स्वतः विद्यार्थिनी झाल्या. त्यांचे गुरू होते गिजुभाई, आणि त्याहून मोठे गुरू होती बालमंदिरातील अडीच ते सहा वर्षांची मुले.

बालमंदिरातील शिक्षण निराळे होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची चढाओढ नव्हती. मुले आपल्या आवडीचे काम निवडीत. कोणी लहानमोठे दट्टे त्यांच्या त्यांच्या खळग्यांत बसवी, कोणी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवी, कोणी मणी मोजी, कोणी बागेला पाणी घाली. शिक्षकाचे काम पाहण्याचे होते. कोणते मूल कशात रमते, किती वेळ रमते, कोठे अडते, अडल्यावर स्वतः वाट काढते की रडते, हे शिक्षकाने बारकाईने पाहावयाचे आणि त्यावरून पुढे काय करावयाचे ते ठरवावयाचे. शेतकरी जसा रोज शेतात फेरी मारून पिकाची पाने न्याहाळतो, तसेच हे काम होते. अशा रीतीने वर्ग हेच शिक्षकाचे संशोधनाचे ठिकाण बनले.

परंतु असे पाहून मिळालेले ज्ञान एका बालमंदिरात किती मुलांच्या उपयोगी पडणार? गावोगावी हजारो मुले अजून छडीच्या धाकात शिकत होती. घरोघरी मुलांना बागुलबोवाची भीती घालून गप्प बसविले जात होते. त्या मुलांपर्यंत पोचावयाचे तर त्यांच्या शिक्षकांपर्यंत आणि आईबापांपर्यंत पोचले पाहिजे, हे गिजुभाईंनी व ताराबाईंनी ओळखले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचे काम करणारे लोक एकत्र यावेत, त्यांनी आपापले अनुभव एकमेकांना सांगावेत, आणि नव्या विचारांचा प्रसार व्हावा, हा संघाचा हेतू होता. संघाच्या कामासाठी शिक्षणपत्रिका नावाचे मासिक गुजरातीत निघू लागले. ताराबाई त्याच्या संपादनात गिजुभाईंना साहाय्य करू लागल्या. मराठी ही त्यांची मातृभाषा. पण कामासाठी त्यांनी गुजराती भाषाही चांगली आत्मसात केली.

पुढे १९३३ साली शिक्षणपत्रिका मराठीतूनही निघू लागली, आणि तिच्या संपादनाची धुरा ताराबाईंनी अनेक वर्षे वाहिली. कालांतराने ती हिंदीतही निघाली. ह्या मासिकाचे पान पाहिले तर त्यात मोठमोठे शब्द फारसे आढळत नसत. मूल हट्ट का करते, त्याला मारल्याने काय होते, त्याला कोणती गोष्ट सांगावी, कोणते खेळणे द्यावे, त्याच्या हाती काम कसे सोपवावे, अशा नित्याच्या प्रश्नांची चर्चा त्यात असे. लहान गावातील एकटा शिक्षकही ते वाचून आपल्या वर्गात काही करून पाहू शके. घरी बसलेली आईही ते वाचून आपल्या मुलाकडे नव्या नजरेने पाहू शके. विद्वानांना पटेल असे लिहिणे तितकेसे अवघड नाही. परंतु जिच्या कडेवर मूल आहे आणि चुलीवर भात आहे, अशा आईला उपयोगी पडेल असे लिहिणे अवघड आहे. ताराबाईंनी ते अवघड काम पत्करले.

लिहिण्याच्या रीतीही अनेक असतात. गिजुभाईंनी दिवास्वप्न नावाचे एक पुस्तक लिहिले. त्यात एक शिक्षक एक वर्ग मागून घेतो आणि वर्षभर त्यावर नवे नवे प्रयोग करतो, अशी कथा रचली आहे. शिक्षणाचे शास्त्र गोष्टीच्या रूपाने सांगितल्यामुळे ते पुस्तक पुष्कळांनी वाचले. ताराबाईंनी लेख लिहिले, पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली, आणि मुलांसाठीही लेखन केले. ऐकणारा कोण आहे हे पाहून त्या सांगण्याची रीत बदलीत.

केवळ वाचून सगळे कळते असे मात्र नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहू शकत नाही. तसेच मुलांना कसे वागवावे हे मुलांमध्ये राहूनच कळते. म्हणून भावनगरला बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर होते. बाहेरगावचे शिक्षक तेथे येऊन राहत, बालमंदिरात बसून मुलांना पाहत, स्वतः शिकवून पाहत, आणि मग आपापल्या गावी जाऊन काम सुरू करीत. १९३२ च्या सुमारास ताराबाईंनी भावनगर सोडले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. येथेही मुलांच्या शाळेबरोबर शिक्षिकांच्या अध्यापनाची सोय होती. येथून शिकून गेलेल्या शिक्षिकांनी ठिकठिकाणी बालमंदिरे चालविली. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्यानंतर बालशिक्षणाच्या चळवळीचा पुष्कळसा भार ताराबाईंवर आला.

आता ताराबाईंचे नाव झाले होते. शहरांत बालमंदिरे निघत होती. दुसऱ्या कोणाला एवढ्यावर समाधान वाटले असते. परंतु ताराबाईंना एक गोष्ट बोचू लागली. बालमंदिरांत येणारी मुले बहुतेक खात्यापित्या घरांतील होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. गरीब वस्तीला ती परवडत नव्हती. जी पद्धत रोममधील गरिबांच्या मुलांमध्ये जन्माला आली, ती भारतात श्रीमंतांची होऊन बसली होती. भारत तर खेड्यांचा देश. खेड्यांत काम करण्याचा महात्मा गांधींचा आग्रहही त्यांच्यापुढे होता. आपण जे शोधले असे म्हणतो, ते गरिबाच्या झोपडीत उपयोगी पडत नसेल, तर ते खरोखरच शोधले का? हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी पुन्हा पाटी कोरी केली.

१९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेव्हा हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. ह्या कामी त्यांना एक तोलामोलाची सहकारी मिळाली. तिचे नाव अनुताई वाघ. अनुताई लहान वयातच विधवा झालेल्या होत्या, आणि पुढे जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. आता ताराबाईंची विद्यार्थिनी, मग सहकारी आणि शेवटी वारसदार, असे त्यांचे नाते जडले.

बोर्डीत आरंभीच अडचणी उभ्या राहिल्या. बालवाडी उघडली, तेव्हा तिच्यात गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले येऊ लागली. ज्यांच्यासाठी ताराबाई आल्या होत्या, ती गरीब वस्तीतील मुले मात्र येईनात. कोणाला नेऊन सोडणारे माणूस घरी नव्हते. कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे. कोणाला अस्पृश्यतेच्या जुन्या भेदामुळे गावात येण्याचा संकोच वाटे. दुसऱ्या कोणी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष दिला असता. ताराबाईंनी आपल्या रीतीला दोष दिला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

मग शिक्षिका पिशवीत साधने घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ आणि काम सुरू करावे, असा क्रम असे. आया दारातून पाहत. हळूहळू त्या जवळ येत, विचारपूस करीत. मुलांबरोबर आयाही शिकत. अंगणात भरणारी ही बालवाडी, म्हणून तिला नाव पडले अंगणवाडी.

कोकणात वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असतात. उमरठच्या परिसरातील मुलांना हे सांगावयास नको. एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जाताना ओढे ओलांडावे लागतात, चढण चढावी लागते. तीन वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात अशा वाटेने रोज शाळेत नेणे किती कठीण! शाळाच अंगणात आली तर ही अडचण उरत नाही. कल्पना साधी दिसते. पण ती सुचण्यासाठी मुलाच्या घरापर्यंत चालत जावे लागले.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. महाग मणी नसले तर चिंचोके होते. रंगीत ठोकळे नसले तर शिंपले, गारगोट्या, पाने, फुले, काड्या आणि बिया होत्या. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावण्यास गोटेही चालतात. निरनिराळे आवाज ओळखण्यास करवंट्या आणि बिया पुरतात. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व ताराबाईंनी घेतले. वस्तू मात्र समुद्रकाठच्या आणि रानातल्या वापरल्या. दुसऱ्याने सांगितलेला प्रयोग जसाच्या तसा उचलू नये, आपल्या मुलांना आणि आपल्या मातीला जुळेल असा करून घ्यावा, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

१९५६-५७ च्या सुमारास हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवताली वारली आदिवासींचे पाडे होते. वारली लोक अतिशय गरीब. सावकार आणि जमीनदार ह्यांच्या जाचाने ते गांजून गेले होते. घरातील लहान मुलेही कामाला लागलेली असत. त्यांतील पुष्कळ मुले दिवसभर रानात गुरे चारीत. शाळा भरण्याची वेळ आणि गुरे चारण्याची वेळ एकच. मुलांनी गुरे सोडली तर घरात चूल कशी पेटणार? आणि गुरे धरली तर शाळा कशी होणार?

ताराबाईंनी पुन्हा तोच मार्ग धरला. मुले कुरणात असतात, तर शाळाही कुरणात जावी! शिक्षक मुलांच्या मागे रानात गेले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत शाळा भरू लागली. गुरे मोजता मोजता गणित आले. गवत, पाखरे, किडे, ढग पाहता पाहता निसर्गाचा अभ्यास आला. मुलांना येणारी गाणी आणि नाच ह्यांतून भाषा आली. ह्या शाळेला कुरणशाळा म्हणत.

मुलींची अडचण निराळी होती. मोठ्या मुलीच्या काखेत नेहमी धाकटे भावंड असे. तिला घरी ठेवून ती शाळेत कशी येणार? म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण शाळेत. मधूनमधून ती धाकट्याला पाहून येऊ शके. ह्या योजनेला विकासवाडी असे नाव होते.

कोसबाडच्या ह्या प्रयोगांत सगळेच यश आले असे नाही. पोटासाठी कुटुंबे गाव सोडून जात. मुलेही त्यांच्याबरोबर जात. शिकविण्याची एक रीत फसली की दुसरी शोधावी लागे. परंतु ताराबाईंनी ह्या साऱ्याचे वृत्तान्त लिहिले आणि प्रसिद्ध केले. काय साधले हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय अडले हेही महत्त्वाचे. कारण दुसऱ्या कोठेतरी, दुसऱ्या एखाद्या आदिवासी पाड्यावर, कोणी शिक्षिका हेच काम हाती घेणार असते. पुढे खड्डा आहे हे तिला आधीच कळले, तर तिचे श्रम वाचतात, आणि मुलांचे वर्षही वाचते.

टेकडीवर बालसेविकांचे शिक्षणवर्ग चालत. खेड्यांतून आलेल्या मुली तेथे राहून काम शिकत आणि आपल्या गावी परत जाऊन बालवाड्या चालवीत. प्रयोग पाहण्यासाठी दूरदूरचे शिक्षक, अधिकारी आणि कार्यकर्ते कोसबाडला येत. ताराबाई स्वतःही जेथे मुलांच्या बाजूने बोलण्याची संधी मिळेल तेथे बोलत. १९४६ नंतरची काही वर्षे त्या मुंबईच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. वर्गात पाहिलेले सत्य राज्यकारभार करणाऱ्यांच्या कानांवर घालणे, हाही त्यांना आपल्या कामाचाच भाग वाटे. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचे काम नेटाने चालविले आणि शिक्षणपत्रिकेचीही जबाबदारी सांभाळली. अनुताई १९९२ साली निवर्तल्या, तोवर त्या टेकडीवरील दिवा त्यांनी तेवत ठेवला.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी, आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ती देशात केवळ ३३ ठिकाणी होती. पुढे ती देशभर पसरली. योजनेच्या केंद्राला जे नाव मिळाले ते होते अंगणवाडी. बोर्डीच्या एका वस्तीत, झाडून घेतलेल्या अंगणात वापरात आलेला शब्द आज भारतातील कोट्यवधी लोकांच्या तोंडी आहे. हे पाहण्यास ताराबाई नव्हत्या.

कल्पना दूर जाते तेव्हा एक धोकाही असतो. तिचे नाव पोचते, पण तिचा प्राण वाटेत हरवू शकतो. जेथे अंगणवाडीत मुलाला केवळ खाऊ मिळतो, पण त्याच्याजवळ बसून त्याला पाहणारे, त्याच्या हाती चिंचोके आणि गोष्ट देणारे कोणी नसते, तेथे ताराबाईंचे अर्धेच काम पोचले असे म्हणावे लागते. म्हणून एकदा सांगून भागत नाही. पुन्हा पुन्हा सांगावे लागते, दाखवावे लागते, आणि ऐकणाऱ्यानेही स्वतः करून पाहावे लागते. ताराबाईंनी पन्नास वर्षे हेच केले.

धन दिले की देणाऱ्याचे कमी होते. ज्ञानाचे तसे नाही. दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचा प्रकाश तसूभरही कमी होत नाही आणि अंधार मात्र मागे सरतो. रोमहून भावनगरला, भावनगरहून दादरला, दादरहून बोर्डी-कोसबाडला आणि तेथून देशातील लक्षावधी अंगणांत असे दिवे लागत गेले. ताराबाईंच्या कामाचा पोवाडा कोणी शाहिराने रचला नाही. परंतु अंगणवाडीत जाऊन आलेले प्रत्येक मूल, त्यांचे नाव ठाऊक असो वा नसो, त्यांच्या ऋणात आहे.

स्वाध्याय

१. शाळेत लागलेला शोध इतरांपर्यंत न पोचल्यास कोणता तोटा होतो?

२. मॉन्टेसरीबाईंचे विचार ताराबाईंपर्यंत कोणत्या क्रमाने पोचले, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी ह्या तीन योजना कोणकोणत्या अडचणींतून निघाल्या?

४. प्रयोगात काय अडले हेही सांगणे महत्त्वाचे का आहे?

५. गणिताची किंवा भाषेची एखादी अडचण तुम्ही स्वतः युक्तीने सोडविली असेल, तर ती युक्ती धाकट्या भावंडाला समजेल अशा सोप्या भाषेत दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.